कोयनेच्या जंगलात झाडं मोजायची नोकरी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळवा तालुक्यातल्या एका मुलीनं वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केलंय. कोयना खोऱ्यातल्या एका जंगल-अभ्यासाच्या प्रकल्पात तिला ‘फील्ड टेक्निशियन’ची जागा मिळतेय. करार अकरा महिन्यांचा, मुक्काम हेळवाकच्या बाजूला. घरचे म्हणतात, एमपीएससीचा अभ्यास कर, रानात काय ठेवलंय? ती विचारतेय: ताई, या कामात नेमकं करायचं काय असतं, मुलीला निभतं का, आणि पुढं काही आहे का? महिनाअखेरीस होकार-नकार कळवायचा आहे.

ताई म्हणून विचारलंयस, म्हणून मीही अगं-तुगं करते. मी साताऱ्याची. सोळा वर्षं झाली, वेगवेगळ्या प्रकल्पांवर झाडं मोजणं, पालापाचोळा गोळा करणं, नमुने दाबणं आणि नोंदवह्या सांभाळणं हेच माझं काम आहे. या कामानं मला खूप दिलंय आणि दोनदा घरीही बसवलंय. दोन्ही सांगते.

आधी एक गोष्ट. तू तीन प्रश्न विचारलेस, पण माझ्या मते खरा प्रश्न त्यांच्या मागं आहे: या अकरा महिन्यांत तुला मोजायला शिकवणार आहेत, की तुझ्याकडून नुसती झाडं मोजून घेणार आहेत? पहिलं असेल तर पगार थोडा कमी असला तरी जा. दुसरं असेल तर पगार बरा असला तरी अकरा महिन्यांनी तुझ्या हातात अनुभवाच्या दाखल्यापलीकडं काही उरणार नाही. हे प्रकल्पावर, तिथल्या मुख्य संशोधकावर आणि तुझ्या आधी तिथं कोण होतं यावर अवलंबून आहे. ते मला इथून दिसत नाही. ते कसं ओळखायचं, एवढं मी सांगू शकते.

पण आधी काम काय असतं ते बघ.

समज, डिसेंबरातली सकाळ आहे. तुम्ही चौघं निघालात: तू, अजून एक टेक्निशियन, वाटाडे मामा आणि सोबत वनमजूर. दीड तास चढून प्लॉटवर पोचलात. प्लॉट म्हणजे जंगलातला आखलेला तुकडा, कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या मारलेल्या. आत प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमचा नंबर. आमच्या प्लॉटमध्ये तीस सेंटिमीटरच्या वर घेर असलेलं प्रत्येक झाड मोजतात, काही ठिकाणी दहाच्या वरचं. झाडाशी उभं राहायचं, छातीच्या उंचीवर फीत गुंडाळायची, आकडा मोठ्यानं सांगायचा. लिहिणाऱ्यानं तो परत म्हणायचा आणि पेन्सिलीनं लिहायचा. पेननं नाही, कारण दवानं कागद ओला होतो आणि शाई पसरते. मग पुढचं झाड. एका प्लॉटमध्ये शे-दीडशे झाडं सहज असतात.

ऐकायला सोपं वाटतं ना? आता अंजनी घे. आपल्या घाटमाथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा हीच मंडळी जास्त. अंजनी पूर्वी कधीतरी तोडलेली असते आणि बुंध्यातून सहा-सात फुटवे आलेले असतात. हे एक झाड की सात? नंबर एक, पण घेर सात, प्रत्येक वेगळा लिहायचा. एक फुटवा वाकलाय, त्याची छातीची उंची खोडाला धरून मोजायची की जमिनीपासून सरळ? उतारावरच्या झाडाला कुठल्या बाजूनं? (वरच्या बाजूनं. कायम.) नेमकी त्या उंचीवर गाठ असेल तर? उंबराला पन्हाळीसारखी मुळं आली असतील तर? वेल खोडाला चिकटलीय, ती फितीच्या आत राहिली तर झाड चार सेंटिमीटरनं जाड होतं. वेलीखालून फीत सरकवायची, वेल कापायची नाही.

यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. पण ते सगळ्यांनी, दरवर्षी, तेच वापरलं तरच त्या आकड्याला अर्थ. हे मी पुस्तकातून नाही शिकले.

माझ्या पाचव्या वर्षी आम्ही एका जुन्या प्लॉटची दुसरी मोजणी केली. पहिली आमच्या आधीच्या लोकांनी केली होती. आकडे संगणकात भरले तर चाळीसेक झाडं बारीक झालेली दिसली. झाड मरतं, मोडतं, पण चाळीस झाडं एकदम बारीक कशी होतील? आठवडाभर मी जुन्या वह्या चाळत बसले. शेवटी एका वहीच्या पहिल्या पानावर सापडलं: ‘उंची १.३ मी.’ आम्ही १.३७ वर मोजत होतो. आपल्याकडं वनखात्याच्या जुन्या पद्धतीत छातीची उंची १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट धरतात. बाहेरच्या बहुतेक अभ्यासांत १.३. सात सेंटिमीटरचा फरक. खोड वर निमुळतं होत जातं, म्हणून आमचे आकडे कमी आले. चूक माझी होती, कारण त्या फेरीची प्रमुख मी होते आणि मोजायला जाण्याआधी जुनी वही मी उघडली नव्हती. तो अख्खा प्लॉट परत मोजावा लागला. तेव्हापासून माझ्या पिशवीत घरून नेलेली वेळूची काठी असते, बरोबर १.३ मीटरची, आणि आम्ही जिथं फीत लावतो तिथं खोडावर रंगाची बारीक रेघ मारतो. काठी घरूनच न्यायची बरं का, अभयारण्यात कारवीची काठीसुद्धा तोडायची नसते.

सात सेंटिमीटरनं काय बिघडतं, असं वाटेल. झाडात किती लाकूड, किती कर्ब साठलाय हे जाडीवरून काढतात, आणि ते जाडीच्या साधारण अडीचाव्या घातानं वाढतं. म्हणजे जाडीत पाच टक्के चुकलीस तर वजनात बारा टक्क्यांच्या आसपास चुकतेस. तू ऐनाच्या खोडाला फीत लावतेस त्या क्षणी हे ठरतं. पुढं तो आकडा पुण्या-दिल्लीत, कदाचित परदेशात, अशी माणसं वापरतील ज्यांनी तो ऐन कधी पाहिलेला नसेल. त्यांच्यापाशी विश्वास ठेवायला तुझ्या वहीशिवाय काहीच नसतं. मला या कामाबद्दल जी ओढ वाटते ती इथं आहे. वाघ दिसला नाही तरी चालतं गं.

अशीच दुसरी जागा म्हणजे उतार. सह्याद्रीत सपाट प्लॉट मिळतोच कुठं? नकाशावरचं अंतर हे आडवं अंतर असतं. तीस अंशांच्या उतारावर जमिनीला लावून २० मीटर टेप ओढलास, तर आडवं अंतर फक्त १७.३ मीटर भरतं. प्लॉट तेवढ्यानं लहान झाला, आणि ‘हेक्टरी किती झाडं’ हा हिशोब खोटा ठरला. म्हणून एकतर टेप आडवा ताणून टप्प्याटप्प्यानं मोजायचं, नाहीतर उतार मोजून अंतर वाढवायचं. तीस अंशाला २३ मीटरच्या थोडं वर. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते. ज्या प्रकल्पात पहिल्या आठवड्यात उताराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, तिथं पुढं काय शिकायला मिळेल याची मला शंका वाटते.

आणि फितीवर काय छापलंय ते बघून घे. काही फितींवर घेर असतो, काहींवर थेट व्यास. ९४ सेंटिमीटर घेराचं झाड म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाचं. दोन गटांनी दोन फिती वापरल्या आणि वहीत रकान्याला नाव नुसतं ‘जाडी’ असलं, तर ते आकडे कुणाला सुधारता येत नाहीत.

मोजायचा हंगामही एकच ठेवावा लागतो. पावसाळ्यानंतर साली फुगलेल्या असतात, उन्हाळ्यात खोड किंचित आकसतं. नाणा नावाच्या झाडाची साल तर पापुद्र्यांनी सुटते, फीत लावताना सुटलेला पापुद्रा आत राहिला की आकडा गेला. म्हणून एका वर्षी नोव्हेंबरात आणि दुसऱ्या वर्षी मेमध्ये असं करत नाहीत. तुझा करार कुठल्या महिन्यात सुरू होतोय? जूनमध्ये असेल तर पहिले चार महिने बहुतेक आत बसून जुने कागद, नमुने आणि संगणक. कोयनेत जुलैमध्ये रानात मोजणी होत नाही. आपल्या एका सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या दहिवडीकडं पाचशेच्या आसपास. कामाचं वेळापत्रक या पावसावर चालतं, कॅलेंडरवर नाही.

झाडांच्या नावांबद्दल तू लिहिलंस की तुला शास्त्रीय नावं पाठ आहेत, पण रानात झाड ओळखताना घाबरायला होतं. सगळ्यांचं होतं. वर्गात फुलांवरून ओळखायला शिकवतात. रानात तुझ्यासमोर उभं असतं ते खोड, आणि फांद्या पंधरा मीटर वर. म्हणून साल शिकायची. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकटी पडलेली. किंजळ त्याच कुळातली, पण साल इतकी खोल फाटलेली नसते. दिवाळीच्या सुमारास उतारावर तांबूस ठिगळं दिसतात ती किंजळीच्या फळांची. तिच्या फळाला एक मोठा पंख, ऐनाच्या फळाला पाच. खाली पडलेलं वाळकं फळ सापडलं की वाद मिटतो. पान मिळालं तर उलटं करून देठाजवळ बघ, ऐनाला मधल्या शिरेच्या बुडाशी दोन ग्रंथी असतात. सालीवर हलका ओरखडा काढून आतला रंग, वास, चीक बघतात, पण ते परवानगी असेल तरच आणि नखाएवढंच.

हे मला मामांनी शिकवलं. आमचे वाटाडे धनगरवाड्यावरचे, चौथी शिकलेले. सुरुवातीला मी त्यांच्याकडून नाव घ्यायची, पुस्तकात त्या नावापुढं जे लॅटिन असेल ते लिहायची. तसं करू नकोस. गावागणिक नाव बदलतं. बोंडारा म्हटल्यावर एका वाडीत एक झाड दाखवतात, पलीकडच्या खोऱ्यात त्याचा भाऊबंद. वहीत मामांनी सांगितलेलं नाव त्यांच्याच उच्चारात लिही, शेजारी तुझं शास्त्रीय नाव लिही, आणि खात्री नसेल तर ‘अनोळखी ७’ असं लिहून परवानगीप्रमाणं नमुना घे. ‘अनोळखी’ लिहिण्यात कमीपणा नाही. अंदाजानं लिहिलेलं नाव मात्र पुढच्या माणसाला खरं वाटतं, आणि ते शोधून काढायला वर्षं जातात. शास्त्रीय नावंही बदलतात. ऐनाला जुन्या कागदांत टर्मिनॅलिया टोमेंटोसा लिहिलेलं सापडेल, नंतरच्या कागदांत टर्मिनॅलिया एलिप्टिका. झाड तेच. नमुना दाबून ठेवलेला असला की नाव कितीही बदलो, झाड हातात राहतं. शंका असलेले नमुने आम्ही पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नेऊन ताडून बघतो.

बाकी कामं थोडक्यात सांगते. पालापाचोळ्याचे सापळे म्हणजे एक मीटर बाय एक मीटरच्या जाळ्या, दर पंधरवड्याला रिकाम्या करायच्या, पान-काडी-फूल-फळ वेगळं करायचं, भट्टीत साधारण ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचं. महिन्यातून एकदा ठरलेल्या झाडांखाली उभं राहून कोवळी पानं, कळ्या, फळं किती ते लिहायचं. रोपं मोजायची, म्हणजे गुडघ्यावर बसून वीतभर उंचीची कोण कोण उगवलीत ते बघायचं. पाठ दुखते, पण मला सगळ्यात आवडतं ते काम हेच. मोठी झाडं काल काय होतं ते सांगतात, रोपं उद्या काय असेल ते. वर सगळा ऐन असलेल्या एका उतारावर आम्हाला खाली ऐनाचं रोप जवळजवळ नव्हतंच, सगळी जांभळं आणि अंजनी. का, हे समजून घ्यायला आम्हाला तीन हंगाम त्या उतारावर जावं लागलं, आणि उत्तर झाडांत नव्हतंच.

ते मामांकडं होतं. त्या प्लॉटच्या कडेला एक मोठा आंबा आहे, त्याच्या पुढं फणस. तिसऱ्या वर्षी मामा सहज म्हणाले, “इथं आमच्या आत्याचं घर हुतं.” मग मला दगडी जोतं दिसलं, बांध दिसले, नाचणीची खाचरं दिसली. तीन वर्षं मी त्या पायऱ्यांवरून चढत होते आणि त्यांना नैसर्गिक खडक समजत होते. कोयना आणि चांदोली या दोन्ही खोऱ्यांत धरणांमुळं आणि नंतर संरक्षित क्षेत्रामुळं गावं उठलीत. जिथं ‘जंगल’ दिसतं तिथं पुष्कळ ठिकाणी दोन पिढ्यांपूर्वी शेत होतं, गुरं होती, दरवर्षी पेरणीआधी पालापाचोळा जाळून राब भाजला जात होता. ऐनाला उजेड लागतो. शेत पडीक पडलं तेव्हा तो आला. आता वर छत मिटलंय, खाली सावलीत वाढणारी येताहेत. आमच्या वहीत त्या प्लॉटपुढं ‘दुय्यम जंगल’ एवढाच शब्द होता. आता तिथं मामांच्या सांगण्यावरून वाडीचं नाव आणि कोण कधी उठलं ते लिहिलेलं आहे. तुझ्याबरोबर जो वाटाड्या असेल तो बहुधा अशाच उठलेल्या घरातला असेल. त्याला ‘लेबर’ म्हणून वागवणाऱ्या प्रकल्पात राहू नकोस, आणि तूही कधी तसं वागू नकोस.

आता तुझ्या आईची काळजी. ती खरी आहे, तिला झटकू नकोस.

राहायची खोली, संडास, आणि दाराला आतून कडी, हे होकार द्यायच्या आधी स्वतः जाऊन बघून ये. आईलाही घेऊन जा. मी पहिल्या वर्षी न बघता गेले होते आणि दोन महिने अशा ठिकाणी काढले जिथं रात्री बाहेर जायला दुसरीला उठवावं लागायचं. गटात दुसरी बाई आहे का विचार. नसेल तर संध्याकाळी किती वाजता परततात, गाडी कुणाची, चालक कोण, हेही विचार. पाळीच्या दिवसांत चढावरचं काम एक दिवस मागं-पुढं करायला सांगताना संकोच करू नकोस. चांगला प्रमुख तेवढं समजून घेतो आणि कारणही विचारत बसत नाही. माझ्या अनुभवात गावातल्या माणसांचा त्रास मला कधी झाला नाही, उलट हेळवाक-पाटण पट्ट्यातल्या घरांनी जेवायला बसवून घेतलंय. त्रास झाला तो एका प्रकल्पातल्या वरच्या माणसाचा. म्हणून तिथं आधी काम केलेल्या मुलीचा फोन नंबर माग आणि तिच्याशी अर्धा तास बोल. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर ते उत्तरच समज.

जनावरांत सगळ्यात जपायचं ते गव्याला, विशेषतः एकट्या नराला, आणि दाट कारवीत अस्वलाला. दोघांचंही कारण एकच, आपण अचानक समोर येणं. म्हणून बोलत चालायचं, मामा थांबले की थांबायचं. जळवांचा त्रास पावसात, गोचिडीच्या पिल्लांचा पावसाळा सरल्यावर गवतात. जळू चावल्यानं फार काही होत नाही. गोचीड मात्र रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी शोधून काढायची, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘मी रानात काम करते’ हे पहिलं वाक्य सांगायचं. सापांबद्दल एक माहीत असू दे: आपल्याकडं मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. झुडपांवर बसणारा हिरवा चापडा त्यात येत नाही. तरी कुठलाही साप चावला तरी रुग्णालयच. घाटात फोन लागत नाही, त्यामुळं कुठल्या टेकाडावर रेंज येते आणि तिथून पाटण किंवा कऱ्हाडला गाडीनं किती वेळ लागतो हे पहिल्या दिवशीच विचारून वहीच्या पुठ्ठ्यावर लिही. फांदी धरण्याआधी फांदीकडं बघ. ही सवय लागायला महिना लागतो, मग जात नाही.

पैसा आणि पुढचं. सरळ सांगते, टेक्निशियनच्या कामात कायमची नोकरी फार कमी लोकांना मिळते. प्रकल्प संपला की नोकरी संपते. माझे दोन प्रकल्प मुदतीआधी थांबले, एकदा सात महिने आणि एकदा वर्षभर मी घरी होते, तेव्हा शिकवण्या घेतल्या. तुला किती देणार ते तू लिहिलं नाहीस. तुलनेसाठी, केंद्राच्या निधीवरच्या प्रकल्पांत ‘जेआरएफ’ला (कनिष्ठ संशोधकाला) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता आहे, पण त्यासाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा तशी दुसरी परीक्षा लागते. टेक्निशियनला त्याहून कमी मिळतं. तुझं एम.एस्सी. झालंय, म्हणजे नेट देता येतं. हे काम करता करता नेट दिलंस तर पुढच्या प्रकल्पात त्याच जंगलात तू वेगळ्या पगारावर जाशील, आणि पीएच.डी.चा विषय तुला आयता मिळालेला असेल.

एमपीएससीचं म्हणशील तर, महाराष्ट्र वनसेवेची परीक्षा, सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या पदांची, वनस्पतीशास्त्राच्या पदवीवर देता येते. रानातल्या अनुभवाचे परीक्षेत वेगळे गुण नाहीत, त्यामुळं ‘अनुभवानं निवड होईल’ असं कुणी म्हटलं तर ते धरून बसू नकोस. पण ती पोस्ट मिळाली तर तू पहिल्या दिवसापासून वेगळी अधिकारी असशील, हे मी नक्की म्हणते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत रानातलं काम कमी असल्यानं अभ्यासाला वेळ मिळतो, बाकीच्या दिवसांत संध्याकाळी अंग इतकं थकलेलं असतं की पुस्तक उघडत नाही. हा हिशोब बाबांसमोर जसाच्या तसा मांड. अकरा महिन्यांनी तुझं वय परीक्षेच्या मर्यादेत असेल का, तेही त्यांच्यासमोर बसून बघ. बसत असेल तर एक वर्ष देणं घरच्यांना जड जाणार नाही असं मला वाटतं. बसत नसेल, किंवा घरी तुझ्या पगारावर कुणी अवलंबून असेल, तर माझं उत्तर बदलेल; तेव्हा आधी परीक्षा.

महिनाअखेरीच्या आत प्रकल्पाला मेल कर आणि एवढं विचार: मोजणीच्या पद्धतीची लिहिलेली पुस्तिका आहे का, असली तर पाठवाल का? पहिल्या किती दिवसांत प्रशिक्षण, आणि कोण देणार? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खालची परवानगी आलीय का, आणि त्यात माझं नाव घातलं जाणार का? (हे फार महत्त्वाचं. कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. परवान्यावर नाव नसताना आत सापडलीस तर गुन्हा तुझ्यावर येऊ शकतो.) अपघात विमा आहे का? मी गोळा केलेल्या आकड्यांवर शोधनिबंध निघाला तर श्रेय कसं देता? सगळ्यांची उत्तरं मनासारखी येणार नाहीत. पण पद्धतीची पुस्तिका आणि परवाना या दोन्हींवर ‘बघू, या तर आधी’ असं उत्तर आलं, तर मी तुझ्या जागी असते तर नाही म्हणाले असते.

आणि मधल्या दिवसांत एक कर. तुमच्या बांधावर झाडं असतीलच. शिवणाची फीत घे, एक १.३ मीटरची काठी कर, आणि वीस झाडं मोज. चार दिवसांनी जुनी वही न बघता तीच वीस परत मोज आणि दोन्ही आकडे शेजारी ठेव. किती झाडांत फरक आला आणि का आला हे शोधताना तुला कंटाळा आला की हुरूप आला, ते तुझं तुलाच कळेल. एखाद्या रविवारी सागरेश्वरला जाऊन ये, तुझ्यापासून लांब नाही. धों. म. मोहित्यांनी उघड्या डोंगरावर उभं केलेलं ते रान बघ. आपल्या सांगलीच्या कोरड्या बाजूचं जंगल डोळ्यांत ठेवून मग कोयनेत गेलीस, तर फरक आपोआप दिसायला लागेल.

शेवटी तू बुटांचं विचारलं होतंस. महागडे ट्रेकिंगचे बूट पहिल्या महिन्यात घेऊ नकोस. घोट्याच्या वर येणारे, तळाला खोल खाचा असलेले साधे कॅनव्हासचे चालतात, ओले झाले तर रात्रीत वाळतात. एक माप मोठे घे, जाड मोज्यांसाठी जागा लागते. पावसात गमबूट, पण चढावर ते घसरतात, म्हणून फक्त तळाच्या प्लॉटसाठी. मोजे पँटवर ओढायचे, आत नाही.